कपाटातली बरणी

मंडळी, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. यंदाच्या मार्चमध्ये मी स्वतःच्या हाताने बनवलेली चाळीस बाटल्या बियर स्वतःच्याच हाताने बेसिनमध्ये ओतून दिली. एकेक बाटली उघडायची, वास घ्यायचा, तोंड वाकडं करायचं आणि ओतायची. चाळीस वेळा. मदतीला आलेला मित्र पहिल्या दहा बाटल्यांपर्यंत हसत होता, नंतर तोही गप्प झाला.

आजची गोष्ट त्या चाळीस बाटल्यांची, आणि त्यानंतर महिन्याभरात इथे आलेल्या आमच्या बाबांची.

मी राहतो पोर्टलंडला, म्हणजे अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात. आपल्याकडे लोक ज्या गांभीर्याने फक्त आंब्याबद्दल आणि पेशवाईबद्दल बोलतात, त्या गांभीर्याने इथे बियरबद्दल बोललं जातं. घरी बियर बनवायचं सामान विकणारं स्टाइनबार्ट नावाचं एक दुकान इथे १९१८ मध्ये सुरू झालं. गंमत म्हणजे घरी बियर बनवणं अमेरिकेत फेडरल कायद्याने मोकळं झालं ते १९७९ मध्ये. कार्टरसाहेबांनी त्याच्या आदल्या वर्षी सही केली. एकट्या माणसाने वर्षाला १०० गॅलन, आणि घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन बनवायला हरकत नाही. (महाराष्ट्रात असलं काही स्वयंपाकघरात करायला जाऊ नका. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि त्याला विनोद कळत नाही.)

करायची पद्धत म्हणाल तर आपल्या आयांना अजिबात अवघड वाटणार नाही. मोड आणून वाळवलेले सातू गरम पाण्यात तासभर ठेवायचे, ते गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स घालून तासभर उकळायचं, पटकन थंड करायचं आणि यीस्ट टाकून काचेच्या मोठ्या बरणीत ठेवून द्यायचं. बरणीच्या तोंडाला एअरलॉक, म्हणजे आतला वायू बुडबुड करत बाहेर जाईल पण बाहेरची हवा आत येणार नाही अशी छोटी नळी. दोन आठवड्यांनी बाटल्यांत भरताना थोडी साखर घालायची. उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि बाटलीत फेस तयार होतो. संपलं.

मी करत होतो कोल्श. जर्मनीतल्या कोलोन शहराची फिकट सोनेरी बियर. हिची एक खासियत आहे. १९८६ मध्ये तिथल्या ब्रुअरीजनी एकत्र बसून करार केला की कोल्श कशाला म्हणायचं, आणि त्यात ती स्वच्छ, आरपार दिसणारी असली पाहिजे हेही लिहून टाकलं. म्हणजे बियरच्या स्पेसिफिकेशन डॉक्युमेंटमध्येच क्लॅरिटी. आम्हा आयटीवाल्यांना आजवर असं डॉक्युमेंट कुठल्या क्लायंटने दिलंय?

तर माझी कोल्श चवीला झकास झाली होती. दिसायला मात्र तांदळाचं धुवण.

फेब्रुवारीत सुपर बोलच्या दिवशी टीममधल्या एकाकडे सगळे जमलो होतो. मी मोठ्या कौतुकाने सहा बाटल्या घेऊन गेलो. एकाने ग्लास दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "हे असंच असतं का?" बस, एवढंच. वाईट हेतूने नाही विचारलं हो, पण ते वाक्य घरापर्यंत माझ्यासोबत गाडीत बसून आलं. मित्र म्हणाला, "अरे, सध्या धूसर बियरचीच फॅशन आहे." खरं आहे ते. व्हरमाँटच्या हेडी टॉपरनंतर 'हेझी आयपीए'ची अशी लाट आली की २०१८ मध्ये तिला अधिकृत बियर-प्रकारांच्या यादीत जागा मिळाली. पण तिथला धूसरपणा ठरवून आणलेला. माझा आपोआप आलेला. फीचर आणि बग यातला फरक आपल्याला कळतो की नाही?

मग मी इंजिनीयर माणूस जे करतो ते केलं. समस्या समजून न घेता सोल्युशन विकत आणलं. आपल्याकडे घरोघरी वॉटर प्युरिफायरमध्ये पांढरी कँडल असते ना, तसली एक मायक्रॉनची फिल्टर कँडल. हिशोब सोपा होता. यीस्टची पेशी पाच ते दहा मायक्रॉनची, भोकं एक मायक्रॉनची, म्हणजे यीस्ट अडकणार आणि बियर खाली येणार. बरणी ओट्यावर, फिल्टर मध्ये, रिकामी बादली जमिनीवर.

पहिला गॅलन छान आला. नंतर धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग बंद. मी कँडल काढली, धुतली, पुन्हा लावली, नळी हलवली, बरणी तिरकी केली. चार तास हा खेळ चालला. शेवटी बादलीत जी बियर जमली ती खरंच स्वच्छ दिसत होती. मी तिचा फोटोसुद्धा काढला.

तीन आठवड्यांनी बाटली उघडली. आवाज नाही, फेस नाही. चव भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. आणि कहर म्हणजे फ्रीजमधून काढलेली बियर पुन्हा धूसर!

बेसिनपाशी उभा राहून शेवटी मी रूट कॉज शोधला. एकेक करून सांगतो. फेस नाही, कारण बाटलीतली साखर खायला जे यीस्ट लागतं तेच मी गाळून टाकलं होतं. पुठ्ठ्याची चव, कारण चार तास बियर हवेत ठिबकत होती, आणि तयार बियरचा ऑक्सिजनइतका मोठा शत्रू नाही. जे लोक खरंच फिल्टर वापरतात ते बंद पिंपातून बंद पिंपात, कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने बियर ढकलतात. मधे हवेचा संबंधच येऊ देत नाहीत. आणि फ्रीजमधला धूसरपणा म्हणजे 'चिल हेझ'. सातूतली प्रथिनं आणि सातू-हॉप्समधली पॉलिफेनॉल्स थंडीत एकमेकांना धरतात, बियर गरम झाली की सोडतात. मी गाळली तेव्हा बियर खोलीच्या तापमानाला होती. ती विरघळलेली मंडळी फिल्टरमधून आरामात खाली आली आणि फ्रीजमध्ये जाऊन पुन्हा जमली. थोडक्यात, मी एरर दुरुस्त केलाच नव्हता, फक्त लॉगमध्ये दिसणार नाही अशी सोय केली होती.

हे सगळं कळूनही एप्रिलमध्ये, बाबा येण्याच्या चार दिवस आधी, नवीन बॅच लावण्याचा शहाणपणा मी केला. अंदाज असा की ते येईपर्यंत बुडबुडे थांबतील. बरणी हॉलमधल्या कोटांच्या कपाटात ठेवली आणि पुढे दोन जॅकेटं लटकवली.

लपवायचं कारण सांगतो. आमच्या घरात 'दारू' हा शब्द उच्चारत नाहीत. नानाकाका, म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, २०११ मध्ये गेले तेव्हा मी नववीत होतो. लोकांना सांगताना आम्ही "कावीळ झाली होती" म्हणायचो. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. बाबा माळकरी आहेत. आणि नोकरी म्हणाल तर सांगली जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या आमच्या गावी नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात तीस वर्षं. गावातले लोक त्याला 'वॉटर वर्क्स' म्हणतात आणि बाबांना 'फिल्टरवाले'.

ताईची डिलिव्हरी जवळ आल्यामुळे आई मागे थांबली, बाबा एकटेच आले. पहिल्या दोन दिवसांतच त्यांना करमेनासं झालं, म्हणून मी त्यांना पोर्टलंडच्या पाणीखात्याचा वार्षिक अहवाल प्रिंट काढून दिला. लोक वडिलांना मल्टनोमा फॉल्स दाखवतात, मी टर्बिडिटीचे आकडे दाखवले. बाबा चष्मा लावून बसले आणि दहा मिनिटांत ओरडले,

"अरे, हे लोक पाणी फिल्टरच करत नाहीत?"

खरंच नाही. पोर्टलंडमध्ये १८९५ पासून बुल रन नावाच्या जंगलातल्या नदीचं पाणी येतं, आणि त्यासाठी फिल्टर प्लांट कधी बांधलाच गेला नाही. ते जंगल लोकांना बंद आहे. तिथे वस्ती नाही, शेती नाही. वादळी पावसात नदी गढूळ झालीच तर ते पाणी बंद करून कोलंबिया नदीकाठच्या विहिरींचं पाणी सोडतात. (२०१७ मध्ये पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म जीव आढळला, तेव्हा प्लांट बांधायचं ठरलं. तेव्हा त्याची मुदत ठरली होती सप्टेंबर २०२७.) बाबा बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, "मुळात घाण जाऊच द्यायची नाही. हे खरं." तीस वर्षं कृष्णेचं ऑगस्टमधलं पाणी गाळलेला माणूस तो, त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्याच रात्री त्यांना बुडबुड ऐकू आली.

कपाट थंड असल्यामुळे यीस्ट रमतगमत काम करत होतं. बाबांना वाटलं कुठेतरी पाइप गळतोय. ते मोबाइलचा टॉर्च लावून आवाजाच्या मागावर निघाले. मी बाहेर आलो तेव्हा जॅकेटं बाजूला झाली होती आणि बरणीवर टॉर्चचा झोत होता.

"हे काय आहे?"

"बियर."

"कुणाची?"

"माझी. म्हणजे... मीच केलीय."

बाबांनी टॉर्च बंद केला. जॅकेटं होती तशी सरळ केली. दार आवाज न करता लावलं आणि झोपायला गेले.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात फक्त चहा, हवामान आणि ताईची तब्येत एवढेच विषय होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी ऑफिसात बसून मनातल्या मनात उत्तरं तयार करत होतो. इथे हे नॉर्मल आहे, मी हिशोबात पितो, नानाकाकांची गोष्ट वेगळी होती. शेवटचं उत्तर मला स्वतःलाच पटत नव्हतं, कारण ती वेगळी कशी ते मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबांनी विचारलं, "ते आतलं एवढं गढूळ का आहे?"

मंडळी, माणूस निवृत्त होतो, धंदा होत नाही.

मी सगळं सांगितलं. फिल्टर, कँडल, चार तास, चाळीस बाटल्या. फिल्टरशी आल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "गढूळ पाणी थेट फिल्टरवर सोडलंस? अरे, बसणारच तो! आधी तुरटी, मग पाणी संथ ठेवायचं, साका खाली बसू द्यायचा. वरचं नितळ पाणी फिल्टरला द्यायचं. फिल्टर शेवटी. २०१९ च्या पुरात चार दिवस प्लांटवर राहिलो मी. सगळी मारामारी तुरटीच्या डोसवर होती, फिल्टरवर नाही."

आणि मग त्यांनी जार टेस्ट काढली. शुद्धीकरण केंद्रात रोज करतात ती. एकच पाणी पाच-सहा भांड्यांत घ्यायचं, प्रत्येकात तुरटी वेगळी, ढवळायचं, थांबायचं आणि कुठल्या भांड्यात गाळ चांगला बसतो ते बघायचं. चिखलाच्या कणांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीचा धन भार तो मारून टाकतो, मग कण एकत्र येतात, जड होतात आणि बसतात. आता ऐका. यीस्टच्या पेशीवरही ऋण भार असतो आणि बियरमध्ये जिलेटिनवर धन भार. म्हणजे बियरसाठी जिलेटिन हीच तुरटी! मी हे वाचलं होतं. ते बाबांचंच काम आहे हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

त्यात कोल्शचं यीस्ट स्वभावाने हट्टी. इंग्लिश एलची बरीच यीस्टं काम संपलं की गठ्ठे करून तळाशी जातात, हे भुकटीसारखं तरंगत बसतं. या वेळी मी उकळताना शेवटच्या दहा मिनिटांत आयरिश मॉस घातलं होतं. ते समुद्रातलं शेवाळ, प्रथिनांना धरून खाली नेतं. पण यीस्टवर त्याचा इलाज नाही.

बियर आंबून पूर्ण झाल्यावर आम्ही चार काचेचे ग्लास भरले. एक ओट्यावर तसाच, एक फ्रीजमध्ये तसाच. एक जिलेटिन घालून ओट्यावर, एक जिलेटिन घालून फ्रीजमध्ये. सगळ्यांवर झाकणं. बाबांनी चिठ्ठ्या चिकटवल्या, तारीख-वेळ टाकली आणि दर सहा तासांनी वहीत नोंद केली. दोन दिवसांनी निकाल स्पष्ट होता. ओट्यावरचा पहिला होता तसाच. नुसता फ्रीजमधला थोडा निवळलेला. जिलेटिन घातलेला ओट्यावरचा साधारण तितकाच. आणि जिलेटिन अधिक फ्रीज? खाली बोटाच्या पेराइतका साका आणि वर सोनं.

"ही पावडर कसली म्हणालास?"

मी जरा चाचरलोच. "जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात, बाबा. शाकाहारी लोकांसाठी सिलिकाचं एक द्रावण मिळतं. पण माझ्याकडे हेच होतं."

बाबांनी गळ्यातल्या माळेला हात लावला, क्षणभर विचार केला. "असू दे. मला कुठे प्यायचीय?"

ग्लासांची वाट बघतानाच्या त्या दोन दिवसांतल्या एका रात्री, दहाची नोंद करून झाल्यावर, बाबा वहीकडे बघतच म्हणाले, "नाना घरात कधी प्यायला नाही. त्याला पिताना आमच्यापैकी कुणी बघितलंच नाही. आईने नाही, मी नाही, त्याच्या बायकोनेही नाही. सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीही बघितलं नव्हतं. मग बोलायचं कशावर?"

मी काहीच बोललो नाही.

"तू किती पितोस?"

"शनिवारी दोन."

"खरं?"

"कधीकधी तीन."

"मग तीन म्हणत जा." त्यांनी वही मिटली. "आणि ते कपाटात ठेवू नकोस."

"बाबा, बियरला उजेड लागला की वास येतो. हॉप्समुळे."

"मग पांघरूण घाल. कपाट नको."

तेव्हापासून बरणी हॉलच्या कोपऱ्यात आहे, आणि तिच्यावर बाबांचा पंचा आहे.

ज्यांना करून बघायचंय (आणि जिथे कायदा परवानगी देतो) त्यांच्यासाठी आमचा डोस: पाच गॅलनला, म्हणजे १९ लिटरला, अर्धा चमचा बिनचवीचं जिलेटिन, पाव कप पाण्यात. ६५ ते ७० अंशांपर्यंत गरम करायचं, उकळू द्यायचं नाही. बियर आधी एक-दोन अंशांपर्यंत थंड करून घ्यायची, मग हे द्रावण घालायचं आणि दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. हात न लावणं हा यातला सगळ्यात अवघड भाग. नंतर वरची बियर नळीने अलगद, न खळबळवता काढायची आणि साका तिथेच राहू द्यायचा. डोळ्यांना दिसत नसलं तरी बाटलीत फेस यायला पुरेल इतकं यीस्ट तिच्यात राहतं, फक्त वेळ थोडा जास्त लागतो. फिल्टरची गरज मला पडली नाही. ती कँडल अजून सिंकखाली आहे.

परवाच्या शनिवारी पहिली बाटली उघडली. फुस्स झालं! मी ग्लास भरला आणि बाबांसमोर ठेवला, प्यायला नव्हे, तपासायला. त्यांनी तो पाणीखात्याचा अहवाल काढला, ग्लासमागे धरला आणि चष्मा वर-खाली करत बियरमधून टर्बिडिटीची ओळ वाचली. मग त्याखालची बारीक अक्षरातली ओळ.

"पाच एनटीयूच्या आत असावी," ते म्हणाले. ग्लास माझ्याकडे सरकवला आणि स्वतः नळाचं पाणी घेऊन समोर बसले. माझ्या आयुष्यात बाबांसमोर घेतलेला तो पहिला घोट. चव सांगण्याच्या परिस्थितीत मी नव्हतो.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनीच उचलला. इकडचं तिकडचं झाल्यावर आईने विचारलं, "अहो, तुमचा पंचा त्या कोपऱ्यात कशावर टाकलाय?"

मी ग्लास खाली ठेवला. बाबांनी कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरणी आहे. बियरची," बाबा म्हणाले. "त्याने केलीय. बऱ्यापैकी निवळलीय आता."

पलीकडे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. असो. पुढे काय झालं ते पुढच्या शनिवारी सांगेन, तोवर आई माझ्याशी बोलायला लागली असेल तर.